पत्ता विचारताना

(नोकरीसाठी बाहेरगावी निघालेल्या नाशिकमधल्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'करिअर' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, करिअरवर बोलणारे यूट्यूबवर ढिगाने आहेत. मला त्याच्या आधीच्या एका गोष्टीवर बोलू द्या. हातात ऑफर लेटर आलं, घरात पेढे वाटून झाले, बॅग भरली. आता त्या मोठ्या शहरात रात्री झोपायचं कुठं? आणि हे विचारायचं कुणाला?

हा विषय सुचायचं कारण सांगतो. मागच्या महिन्यात सिन्नरच्या एका मुलाचा फोन आला. पुण्यात नोकरी लागली होती. "दादा, तुम्ही दहा वर्षं पुण्यात होता, मी कुठं राहू ते सांगा." साधा प्रश्न. मी त्याला म्हटलं, दोन दिवसांनी सांगतो. तो बिचारा गोंधळला असेल, की एवढ्याशा प्रश्नाला दोन दिवस कशाला! पण असाच प्रश्न 2019 मध्ये मला एका मुलीने विचारला होता आणि मी तिला दोन मिनिटांत चुकीचं उत्तर दिलं होतं. त्यावर शेवटी येतो. आधी माझी गोष्ट.

मी 2011 मध्ये इथल्याच कॉलेजातून इंजिनिअर झालो. अब्बा सातपूरला फिटर होते, आम्ही वडाळा रोडला राहायचो. पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत नोकरी लागली आणि घरी सल्ला देणाऱ्यांची रांग लागली. त्यातले निम्मे लोक पुण्याला कधी गेलेच नव्हते. कुणी सांगितलं, पुण्यात दुपारी एक ते चार कुणाला काही विचारू नको. कुणी सांगितलं, रिक्षावाला नाशिकचा पाहुणा ओळखतो, गप्प बसून राहा. अब्बांनी एकच सांगितलं: "कुणाला पैसे दिले तर पावती घे." मला ते फार साधं वाटलं. आपला मुलगा सॉफ्टवेअरमध्ये चाललाय आणि हे पावतीचं काय सांगतात!

ठक्कर बाजारातून एसटी पकडली. दोनशे दहा किलोमीटर, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण. अम्मीचे चुलतभाऊ, म्हणजे माझे मामू, कोंढव्यात राहायचे. त्यांनी बजावलं होतं, शेवटपर्यंत ये, शिवाजीनगरला उतर. शेजारी बसलेले एक काका भोसरीचे होते. त्यांनी विचारलं, नोकरी कुठं? मी म्हटलं, हिंजवडी. ते म्हणाले, "मग शिवाजीनगरला कशाला जातो? नाशिक फाट्याला उतर, तिथनं जवळ पडतं." पाच तास प्रवास करून पुण्यात आलो तर पाटीवर पुन्हा नाशिक! मी उतरलो. मग कळलं की इथून कोंढवा म्हणजे अख्खं शहर पार करून पलीकडे. दोन बॅगा, जून महिना, पाऊस. मामूंच्या घरी रात्री साडेदहाला पोचलो.

त्या रात्री मला मामूंचाही राग आला आणि त्या काकांचाही. पण दोघंही बरोबर होते. काकांनी विचारलं होतं, नोकरी कुठं. मामूंच्या मनात होतं, झोपणार कुठं. मी दोघांनाही पूर्ण माहिती दिली नव्हती. आम्ही प्रोग्रॅमर लोक म्हणतो तसं, इनपुट अर्धं दिलं आणि आउटपुटवर चिडलो.

मामूंचा सल्ला ठाम होता. "बेटा, अपने लोगां में रहना. कोंढव्यात राहा, बाकी पुणं बघायला ठीक आहे." मी तीन महिने त्यांच्याकडे राहिलो. कोंढव्यात काय नाही? मशिदी आहेत, शाळा आहेत, दवाखाने आहेत, रात्री बारा वाजता कबाब मिळतात. नव्वदच्या दशकापासून कॅम्पातून, पेठांतून, मराठवाड्यातून, सोलापूरकडून माणसं तिथं येत गेली आणि शहराच्या आग्नेय टोकाला एक नवं गाव उभं राहिलं. पण हिंजवडी आहे वायव्येला. मध्ये पंचवीस-तीस किलोमीटर. तेव्हा मेट्रो नव्हती. ती 2022 मध्ये सुरू झाली आणि स्वारगेटपर्यंत यायला 2024 उजाडलं. सकाळी सहाला उठायचं, पीएमपीएमएलने स्वारगेट, तिथून कंपनीची बस. संध्याकाळी वाकडच्या पुलावर बस उभी राहायची ती उभीच. रोजचे चार तास जायचे. रविवारी मी नुसता झोपायचो. तीन महिन्यांत पाच किलो वजन गेलं. अम्मीला वाटायचं मामी जेवायला देत नाही.

मी मामूंना म्हटलं, मी वाकडला खोली बघतो. ते चिडले नाहीत. म्हणाले, "बघ. मिळाली तर घे." त्या 'मिळाली तर'चा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मामूंची थट्टा मी करणार नाही. मामू 1992 साली पुण्यातच, दुसऱ्या वस्तीत राहत होते. तिथून निघून ते कोंढव्यात का आले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मामीने सांगितलं. त्यांच्या सल्ल्यात बसचं वेळापत्रक नव्हतं, त्यात त्या डिसेंबरची रात्र होती. सल्ला देणारा माणूस आपल्याला शहर सांगत नाही, त्याच्या वाट्याला आलेलं शहर सांगतो. हे मला उशिरा कळलं.

आणि 'आपल्या माणसांत राहा' हा सल्ला फक्त आपला नाही बरं का. मुंबईत गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांचे कूड होते, अजूनही काही आहेत, धोबीतलाव, माझगाव भागात. एकेका गावाचा एकेक कूड. गावातला पोरगा बोटीच्या नोकरीसाठी मुंबईला आला की पेटी घेऊन सरळ आपल्या गावाच्या कुडात. परळ-लालबागला कोकणातल्या, घाटावरच्या गिरणी कामगारांचे गाळे होते. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे, एक दिवसपाळीला गेला की दुसरा त्याच्या जागेवर आडवा. जेवायला खानावळ, गावाकडच्याच बाईची. आपल्या जिल्ह्यातलं मालेगाव बघा. 1857 नंतरच्या धामधुमीत आणि 1862 च्या दुष्काळात बनारसकडचे विणकर आपले माग सोडून एवढ्या लांब आले. त्यांना मोसम नदीच्या काठी जागा कुणी दाखवली असेल? जो आधी आला त्याने. आज त्या मालेगावात 2011 च्या जनगणनेप्रमाणे पावणेपाच लाखांच्या वर लोक आहेत. आधी आलेल्याने मागून येणाऱ्याला जागा दाखवायची, एवढ्यावर ही गावं वसली. त्यामुळे मामूंचं घर नसतं तर मी पहिली रात्र कुठं काढली असती, हेही मला विसरून चालणार नाही.

आता वाकडची गोष्ट. माझं आडनाव इनामदार. तुम्हाला माहीतच आहे, इनामदार ब्राह्मणांत आहेत, मराठ्यांत आहेत, आपल्यात आहेत. ज्याला इनाम मिळालं तो इनामदार. तसंच देशमुख, पाटील, आपल्या आडनावांत महाराष्ट्राचा सगळा महसूल खातं भरलेलं आहे. मराठी माझी शाळेपासूनची. फोनवर मी म्हणायचो, "नमस्कार, इनामदार बोलतोय, टू बीएचकेची जाहिरात बघितली." पलीकडून, "या की साहेब, कधी येताय?" गेल्यावर चहा. मग प्रश्न, "पूर्ण नाव?" मी नाव सांगायचो. मग समोरच्या माणसाला एकदम काहीतरी आठवायचं. भाऊ अमेरिकेहून येणार आहे. सोसायटीने बॅचलरना बंदी केलीय. आधीच एकाने टोकन दिलंय, आमच्या हिला लक्षात नव्हतं. एक एजंट तर प्रामाणिक निघाला. म्हणाला, "साहेब, तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं, माझं पेट्रोल गेलं."

मी एक्सेल शीट केली होती. सवयच ती. सतरा फोन, अकरा भेटी, शून्य घरं. मला सुरुवातीला खरंच वाटत होतं की अडचण बॅचलर असण्याची आहे, कारण ती पुण्यात सगळ्यांनाच येते. मग माझ्याच टीममधला एक मित्र, तोही बॅचलर, त्याच पगाराचा, मला नाकारलेल्या फ्लॅटवर दुसऱ्या दिवशी गेला. त्याला किल्ली दाखवली, भाडं हजार रुपयांनी कमी केलं. एकच व्हेरिएबल बदललं होतं.

पुढे 2015 मध्ये सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये आला. दिल्ली, नोएडा, गुडगाव या भागात त्यांनी हेच पद्धतशीर केलं होतं. वेगवेगळ्या नावांनी घरमालकांना फोन. सवर्ण नावाला नकार नाही, दलित नावांना नकार किंवा अटी, आणि मुस्लिम नावांपैकी साधारण एक तृतीयांशांना फोनवरच सरळ नकार. तो लेख वाचून मला वाईट वाटायला हवं होतं, पण हायसं वाटलं. म्हणजे माझी एक्सेल शीट बरोबर होती, माझ्यात काही खोट नव्हती.

कायदा विचाराल तर, संविधानाच्या कलम 19 मध्ये भारतात कुठंही राहण्याचा, वसण्याचा हक्क आहे. कलम 15 दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, घाट यांच्याबद्दल बोलतं, पण खासगी घरमालकाच्या दारापर्यंत ते पोचत नाही. आणि 2005 मध्ये पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सहकारी संस्था आपल्या उपविधींमध्ये सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. त्यामुळे 'केस ठोकीन' म्हणून घर मिळत नाही. हे कडू आहे, पण माहीत असलेलं बरं.

मग मी जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. त्या मित्राने तो फ्लॅट स्वतःच्या नावावर घेतला आणि मी त्याच्याबरोबर राहायला गेलो. एजंट म्हणाला, वॉचमनला मी 'इनामदार सर' एवढंच सांगतो, तुम्ही पण जास्त बोलू नका. डिपॉझिट पन्नास हजार, त्यातले पंचवीस माझे. करारावर माझं नाव कुठंही नव्हतं. ऑफिस पंधरा मिनिटांवर आलं, मी खूश होतो.

जानेवारीत अब्बा आणि अम्मी भेटायला आले. अम्मीने ज्वारीच्या भाकरी, खिमा, सगळं बांधून आणलं होतं. मी त्यांना गेटवर घ्यायला गेलो. अब्बांच्या डोक्यावर टोपी होती. मी म्हटलं, "अब्बा, लिफ्टमध्ये माणसं असतात, टोपी जरा काढून ठेवता का?" अब्बांनी माझ्याकडे बघितलं, टोपी काढली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. अम्मीने डबा या हातातून त्या हातात घेतला. वर आल्यावर अब्बांनी पाणी मागितलं, पाणी पिऊन विचारलं, "करारावर नाव कुणाचं आहे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग हे घर तुझं नाही." त्या रात्री मुक्काम करायचं ठरलं होतं, पण संध्याकाळच्याच बसने ते नाशिकला परत गेले.

जूनमध्ये मित्राला बेंगळुरूला पाठवलं. मालक आले, त्यांनी मला बघितलं, म्हणाले, तुम्ही कोण? आठ दिवसांत घर सोडलं. रंगकाम, नळ, पंखा असं काहीबाही दाखवून त्यांनी डिपॉझिटमधले पंचवीस हजार कापून घेतले. माझ्याकडे ना करार ना पावती. मित्राने त्याच्या वाट्यातले थोडे द्यायची तयारी दाखवली, मी घेतले नाहीत. चूक त्याची नव्हती.

दुसरं घर मिळालं ते डबा देणाऱ्या मावशीमुळे. मी बॅग भरताना ती आली, विचारलं काय झालं, मी सगळं सांगितलं. मावशी मूळची बीडची. तिने मला पाच मिनिटांत जे सांगितलं ते कुठल्या एजंटने सांगितलं नव्हतं. "मोठ्या सोसायटीत नको फिरू, तिथं कमिटी असते, एक हो म्हटला तर दुसरा नाही म्हणतो. सुट्टं घर बघ, जिथं मालक खाली राहतो. हो-नाही एकाच तोंडाने होतं. आणि एजंटला नको, पेपर टाकणाऱ्याला विचार. कुणाचा पेपर पुढच्या महिन्यापासून बंद होणार हे त्याला माहीत असतं." पेपर टाकणारा मुलगा, पाण्याचा टँकरवाला, इस्त्रीवाला. शहर ज्यांच्या पायाखालून रोज जातं त्यांना विचारायचं. मी तोवर फक्त लॅपटॉपवाल्यांनाच विचारत होतो.

थेरगावात एक आजी भेटल्या. खाली त्या, वर दोन खोल्या. त्यांना मी दारातच पूर्ण नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते कळलं. रात्रीची ड्युटी आहे का? मला गेट उघडायला उठवायचं नाही." मी म्हटलं, नाही उठवणार. "चपला जिन्यात नाही ठेवायच्या." बरं. "मोटार सकाळी सहाला लावायची, ती तू लावशील." बरं. आजी काही मायाळू वगैरे नव्हत्या. चार वर्षांत त्यांनी मला चहाला तीनदा बोलावलं असेल, आणि भाडं एक तारखेला मागायच्या. पण माझं नाव त्यांच्या नळाच्या वेळेइतकंही मोठं नव्हतं. ती चार वर्षं मी फार सुखात काढली. अब्बा दोनदा येऊन राहिले, टोपी घालून.

एका गोष्टीवर आमचा वाद झाला. आजी म्हणाल्या, कराराची काय गरज, तोंडी ठरलंय. मी अडून बसलो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, याचं कलम 55 सगळ्यांनी लक्षात ठेवा. घर भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सने दिलं तर करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही आणि पुढे वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते खरं धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आजींना मी दंडाची धमकी नाही दिली! नोंदणीचा खर्च मी देतो म्हटलं, त्या तयार झाल्या. तो कागद मला पुढे गॅससाठी लागला, पासपोर्टसाठी लागला. आता ही नोंदणी ऑनलाइन होते, माणूस घरी येऊन अंगठा आणि फोटो घेऊन जातो. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते, तीही ऑनलाइन देता येते. त्याला घाबरू नका. तुमचं नाव कागदावर असणं तुमच्याच फायद्याचं आहे.

2016 मध्ये माझं लग्न झालं, नोकरी बदलली, ऑफिस आलं मगरपट्ट्याला. आणि मी घर कुठं घेतलं? कोंढव्यात! मामू हसून हसून लाल झाले. मगरपट्टा, हडपसर, खराडी इथं काम असेल तर कोंढवा अगदी सोयीचा आहे. माझी बायको शिक्षिका, तिला शाळा तिथंच मिळाली. मामूंचा सल्ला चुकीचा नव्हता, हिंजवडीसाठी चुकीचा होता.

आता त्या मुलीबद्दल. 2019, येवल्याची, माझ्या ज्युनिअरची बहीण. नोकरी हिंजवडीला. तिने फोन केला, "दादा, ऑफिसजवळ घर मिळेल का?" ती हिजाब वापरायची हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "वेळ घालवू नको. सरळ कोंढव्यात ये. अगदीच तिकडे राहायचं असेल तर मैत्रिणीच्या नावावर घे." म्हणजे बघा, ज्या दोन गोष्टींनी मला त्रास झाला, त्याच दोन मी तिला सल्ला म्हणून दिल्या. मी तोवर कोंढव्यात सुखात होतो, त्यामुळे मला ते चार तास आठवतच नव्हते. आणि वाकडमध्ये घर शोधून मला आठ वर्षं झाली होती, पण बोलत होतो असा, जणू कालच शोधलंय.

तिने ऐकलं नाही. तिची पद्धत अशी. प्रत्येक फोनला पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव, आणि पुढे, "मी मुस्लिम आहे, हिजाब घालते, चालत असेल तर बघायला येते." अकरा फोन केले. नऊ ठिकाणी नाही. दहाव्या ठिकाणी एका बाईंनी सांगितलं, विचारून कळवते, आणि कळवलं नाही. अकराव्या ठिकाणी पिंपळे सौदागरला एक जोडपं हो म्हणालं. ती तिथं तीन वर्षं राहिली. तिने एकाही घराचा जिना चढून नकार ऐकला नाही, रिक्षाचे पैसे घालवले नाहीत, आणि ज्या घरात गेली तिथं पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाने राहिली. मला हे सांगताना ती म्हणाली, "चौथ्या फोननंतर मी रडले, दादा. मग जेवले आणि पाचवा लावला." हे मी गाळून सांगितलं तर गोष्ट फार सोपी वाटेल. सोपी नव्हती. एकवीस वर्षांच्या मुलीने भाड्याचं घर शोधताना एवढं कणखर असावं लागावं, हे काही कौतुकाने सांगायचं नाही.

म्हणून सिन्नरच्या मुलाला मी दोन दिवस घेतले. आधी त्याच्या ऑफिसचा नक्की पत्ता विचारला. मग तिथं सध्या राहणाऱ्या चौघांना फोन केले, कारण मी स्वतः 2021 पासून इथं नाशिकला आहे, घरून काम करतो, महिन्यातून दोनदा पुण्याला जातो. माझी माहिती शिळी झाली होती. मग त्याला सांगितलं, पहिले पंधरा दिवस ऑफिसजवळ पीजीत राहा, महाग पडेल, पडू दे. त्या पंधरा दिवसांत कुठंही टोकन देऊ नको. 'चांगला भाग कुठला' असं कुणालाच विचारू नको, त्याला प्रत्येक जण स्वतःचा भाग सांगतो. विचार की तुम्ही आधी कुठं राहत होता आणि ती जागा का सोडली. जागा सोडण्याची कारणं लोक खरी सांगतात. घर बघायला जाशील तर सकाळी नऊला एकदा आणि रात्री नऊला एकदा. त्या बाजूच्या नव्या इमारतींत पाणी टँकरचं असतं, एप्रिल-मेमध्ये किती टँकर येतात आणि पैसे कोण भरतं ते वॉचमनला विचार. जुम्माची नमाज जवळ कुठं होते ते रिक्षावाल्यांना माहीत असतं. मेसमध्ये जेव, पण डबेवाल्या मावशीशी दोन शब्द बोलत जा. आणि करारावर नाव तुझं.

नाव आधी सांगू की नंतर, हे त्याने विचारलं. मी म्हटलं, आधी. पण हे मी घरात बसून सांगतोय, फोन तुला लावायचेत. दहा फोन झाल्यावर थकशील तेव्हा मला लाव.

आता शेवटचं, आणि हे जरा आपल्याकडे वळून. नाशिक 2011 सालीच जवळपास पंधरा लाखांचं झालं होतं. मालेगाव, मनमाड, धुळे, नंदुरबारच्या पोरांसाठी नाशिक हेच मोठं शहर आहे. त्यांना पत्ता सांगणारे स्थानिक म्हणजे आपण. आमच्या वडाळा रोडच्या घराच्या वर एक खोली रिकामी आहे. दोन महिन्यांपूर्वी सुरगाण्याचा एक मुलगा विचारायला आला, कोकणा समाजाचा, फार्मसीला ॲडमिशन मिळालेला. खालच्या दुकानातले चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, "अपने वालों को ही देना." अगदी तेच वाक्य. पुण्यात सतरा वेळा जे ऐकलं ते इथं माझ्याच दारात, माझ्याच भाषेत. आणि खरं सांगतो, मी त्या मुलाला म्हटलं, "बघतो, कळवतो." म्हणजे त्या दहाव्या बाईंसारखंच.

गल्लीत आपण एकट्या मुलीला खोली देतो का? दुसऱ्या मसलकच्या माणसाला देतो का? बौद्ध वस्तीतल्या कुटुंबाला देतो का? मला उत्तर माहीत आहे, तुम्हालाही आहे. सोसायटीच्या कमिटीवर बोलताना आपला आवाज चढतो तेवढा इथं चढत नाही.

मी अब्बांना ही गोष्ट सांगितली. अब्बा आता सत्तरीचे आहेत. चाचांशी त्यांचं रोजचं उठणं-बसणं. त्यांनी विचारलं, "मुलाचा नंबर आहे का तुझ्याकडे?" होता. त्याला अजून खोली मिळाली नव्हती, पंचवटीत मित्राकडे राहत होता. तो परवा रविवारी खोली बघायला येतोय. चाचा नाराज आहेत, काल सलामाला उत्तर दिलं पण मान वळवून. अब्बांनी मला कराराची तारीख ऑनलाइन घ्यायला सांगितली आहे, आणि मुलाच्या वडिलांना सुरगाण्याहून यायला बस कधी आहे ते बघायला सांगितलंय.

माझा नंबर संयोजकांकडे आहे, पुण्यात निघालेल्यांनी फोन करा. लगेच उत्तर नाही दिलं तर रागावू नका. मागे बसलेल्या ताईंनी मघाशीच हात वर केला होता, आधी त्यांचा प्रश्न घेऊ.